न उघडलेलं पुस्तक

फार वर्षांमागे एका गावच्या वाचनालयात एक म्हातारी पाल राहत होती. रोज खिडकीत राघू आणि कावळा भांडायचे.

"देव आहे, या जाड पुस्तकात लिहिलंय," राघू म्हणे.

"देव नाही, त्याच पुस्तकात लिहिलंय," कावळा ओरडे.

ऐकून ऐकून पालीचे कान किटले. एकदा ती वैतागून म्हणाली, "बाबांनो, ते उघडलंय तरी का कुणी?"

"वेळ कुणाला आहे? आम्ही ऐकलंय ना!"

"मी वाचलंय. त्यात शेवटपर्यंत नुसते प्रश्न आहेत. या, एक पान तरी वाचू."

"पाखंडी!" राघू किंचाळला.

"भाबडी!" कावळा खेकसला.

मग जन्मात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. त्यांनी चोची मारून तिला बाहेर हाकललं आणि पुस्तकावर बसून पुन्हा भांडण सुरू केलं.

बाहेरच्या भिंतीवर पाल नुसती चुकचुकली.