रंगरावांचा उजवा हात

सावकाश सांगतो, घाई कसली? आमच्या वाघदऱ्याचा दवाखाना घराघरांतून गोळा होणाऱ्या पट्टीवर चालायचा. एकदा ग्रामसभेत रंगराव इनामदार म्हणाले, "मी धडधाकट माणूस. दुसऱ्याच्या खोकल्यासाठी मी पट्टी का भरू? ज्याचं दुखतंय त्यानं भरावं. दवाखाना बंद करा!"

रंगरावांचा हात वर गेला की मागोमाग सगळ्या गावाचे हात वर जायचे, अशी सवयच पडलेली. सभेत चंद्राक्काही बसली होती. तिची सून दिवसांत होती, आणि दुसरा दवाखाना पार घाटापलीकडं.

"बंद करायच्या बाजूनं हात वर!" म्हणत रंगरावांनी डावा हात उचलला.

मघाशी त्यांनी रामरामही डाव्या हातानंच केला होता, हे आक्कानं टिपलं होतं. ती उठली. "थांबा मालक. देवाला फूल आणि सभेला मत आपण उजव्या हातानंच देतो. आजच डावा कसा?"

रंगरावांनी उजवा हात उचलला. तो छातीपाशीच अडला. "आई गं!" म्हणत ते मटकन खाली बसले. खांदा पार आखडला होता.

आक्का मायेनं म्हणाली, "असू द्या मालक, दुखणं कुणालाही येतं. पण दवाखाना बंद करायचं मत द्यायलासुद्धा आधी दवाखान्यातच जावं लागतंय की!"

सभा खदखदून हसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांनी रंगरावांकडं न बघता दवाखाना ठेवायच्या बाजूनं हात वर केले. दवाखाना राहिला. आक्काची नात तिथंच जन्मली.

पुढच्या सभेत दवाखान्याला बाळंतिणींची खोली बांधायचं निघालं, तेव्हा सगळ्यांत उंच गेलेला उजवा हात रंगरावांचा होता.