गुडमारचा पाला

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक हलवाई होता. पेढे असे करायचा, की त्याच्या दुकानापाशी भांडणारी माणसंही गोड बोलू लागत. चव बघण्याच्या निमित्ताने तो स्वतःही दिवसभर तोंड हलवत असे.

एकदा त्याच्या बायकोला, तो लघवीला जायचा त्या मोरीत मुंग्या दिसल्या. हलवायाला तहानही फार लागायची. बायकोने त्याला वैद्याकडे नेलं.

वैद्य म्हणाला, "मधुमेह आहे. आधी गोड सोड, रोज चाल. सोबत गुडमारचा पाला चाव, किती गुण येतो ते बघू."

आपल्याला हवं तेवढंच ऐकणारे कान असतात काहींचे. हलवायाच्या कानात एकच शब्द बसला. गुडमार, म्हणजे गुळाला मारणारा.

घरी येऊन त्याने पाला चावला आणि वर पेढा खाल्ला. पेढा मातीसारखा लागला. हलवाई खूश झाला.

बायको म्हणाली, "अहो, गोड बंद सांगितलंय ना?"

"गोड आहे कुठे यात? पाल्याने मारलं सगळं. जे जिभेला लागत नाही, ते अंगाला काय लागणार?"

बिचारीला ते पटलं. रोज तीच कुंपणावरच्या वेलीचा ताजा पाला खुडून देऊ लागली.

अशी वर्षं गेली. एका सकाळी हलवाई भट्टीपाशी दूध आटवत होता. बायको ओरडत आली, "अहो, पायावर निखारा पडलाय!"

त्याने खाली पाहिलं. कातडी जळत होती आणि त्याला काही कळलंच नव्हतं.

जखम भरेना. शेवटी पाऊल कापावं लागलं.

वैद्य भेटायला आला तेव्हा हलवाई म्हणाला, "वैद्यबुवा, तुमचा पाला खोटा निघाला."

"पाल्याने जिभेला गप्प केलं रे, साखरेला नाही. जीभ गप्प झाली तेव्हा तुला बरं वाटलं. मग पाय गप्प झाला." वैद्याने पायाची पट्टी नीट केली. "हे मी तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं."

बायको दारात उभी होती. रोज पाला खुडणाऱ्या स्वतःच्या बोटांकडे तिला बघवेना.

आता दुकान बायको चालवते. गिऱ्हाईक विचारतं, "पेढा कसा झालाय?" हलवाई न चाखताच सांगतो, "गोड आहे." आणि उरलेल्या पायाला हळूच चिमटा काढतो, कळतंय का ते बघायला.

तात्पर्य: जाणवेनासं झालं म्हणजे संपलं असं नाही. औषध दुसरा देतो, पथ्य ज्याचं त्यालाच पाळावं लागतं.