तंबूची टोळी कुणी केली?

एकदा काय झालं, सकाळचा पहिला प्रहर होता. व्होल्गा नदीकाठचं गवताळ माळरान, तिथं मंगोल खानाची छावणी. छावणीच्या मधोमध एक तंबू.

तो तंबू नोमोलुन नावाच्या म्हातारीनं केलेला. तीन हिवाळे लागले तिला, बरं का. पहिल्या हिवाळ्यात तिनं मेंढ्यांची लोकर झोडपली. दुसऱ्यात ती भिजवून, लाटून जाड बुरणूस केला. तिसऱ्यात त्यावर सोन्याच्या तारेचं कापड शिवलं. बोटं सोलवटून निघाली. मग खान म्हणाला, मागशील ते देतो. ती म्हणाली, मला काही नको, याचं नाव तेवढं नीट राहू दे. त्यांच्या बोलीत तंबूला म्हणायचे ओर्दा. अल्तान ओर्दा म्हणजे सोनेरी तंबू. मग काय, लोक साऱ्या राज्यालाच तसं म्हणू लागले.

तर त्या सकाळी पश्चिमेकडचा एक लेखनिक तिथं आला. वही उघडून उभा राहिला. तेवढ्यात तंबूपुढून घोडेस्वारांचा लोंढा गेला. त्यानं बोट दाखवून विचारलं, हे काय? म्हातारीला वाटलं, तंबूच विचारतोय. ती कौतुकानं म्हणाली, ओर्दा. आणि यानं काय लिहावं? ओर्दा म्हणजे लुटारूंची टोळी. शिकलेला माणूस हा!

दुभाष्यानं ते वाचून दाखवलं, तशी म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओळ खोड, असं सांगायला ती लेखनिकाकडे पहिल्यांदा गेली, तर तो म्हणाला, शाई वाळली. दुसऱ्यांदा गेली, तर तो जेवत होता. दही तिच्याच घरचं, बरं का. मग तिसऱ्यांदा ती त्याच्या गाडीपुढे फतकल मारून बसली.

तो चिडला. "तुमच्या माणसांनी आमची गावं जाळली नाहीत?"

"जाळली," ती म्हणाली. "मग जाळणाऱ्यांची नावं लिही की. माझ्या तंबूनं कुणाचं घर जाळलं?"

घरी पोचलो की ती ओळ खोडतो, असं त्यानं कबूल केलं. मग ती उठली.

पुढे म्हातारी खूप जगली. त्या तंबूच्या सावलीत तिची पतवंडं रांगली, खाऊनपिऊन सगळी सुखात राहिली. पण लेखनिकानं काही खोडलं नाही, पोरांनो. त्याचं पाहून दुसऱ्यानं लिहिलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं. आपल्याकडेही पुस्तकांत त्या राज्याला 'सोनेरी टोळी' असंच छापतात.

चला, पांघरुणं ओढा, डोळे मिटा. ती ओळ अजून कुणी खोडलेली नाही.