डाव्या हाताचा घण

ऐरणवाडीला येणारा माणूस पहिल्यांदा थबकतो तो इथल्या बायांना बघून. लोहाराची बाई घण उचलते यात नवल नाही. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरतो, बाई घण घालते, ही रीत सगळीकडची. पण इथे बाई घण डाव्या हाताने तोलते. उजवा हात दांड्याला नुसता टेकवलेला असतो, जसा काही तो कामाचाच नाही. नव्या सुनेलाही तसंच शिकवतात. उजव्या हाताने उचलू गेली तर सासू हातावर चापट मारते.

याचं कारण गढीच्या काळातलं आहे, असं जुनी माणसं सांगतात.

टेकडीवर तेव्हा गढी होती आणि गढीत धनी होता. त्याचं नाव इथे कुणी घेत नाही, लेकराला शिवी द्यायची असली तरी घेत नाहीत. खाली वाडीत सुभाना लोहार आणि त्याची बायको ठकू. सुभाना अबोल माणूस. त्याचं बोलणं हातोडीतून. लाल लोखंडावर तो हातोडीने टिचकी मारून जागा दाखवायचा, ठकू नेमका तिथे घण घालायची. थांबायचं असलं की तो हातोडी लोखंडावर न मारता ऐरणीवर रिकामी वाजवायचा. रिकामा ठोका पडला की वर गेलेला घणही खाली यायचा नाही. भाता ओढणं आणि लोखंडाला पाणी देणं ही ठकूची कामं. तिने पाणी दिलेला विळा कधी दुमडला नाही की कुऱ्हाड कधी टवका उडून फुटली नाही.

एक दिवस गढीवरून मोडक्या तलवारींचे तुकडे आले आणि एक सूत आलं. निरोप असा की या पोलादातून या सुताच्या मापाची बेडी हवी, आणि दगडावर घासली तरी झिजणार नाही अशी हवी. ठकूने सूत बोटाला गुंडाळून पाहिलं. एवढा बारका घोटा कुणाचा? माकड बांधायचं असेल, असं सुभाना म्हणाला, पण म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

पाण्याला आलेल्या बायांकडून तिला कळलं. गढीचा बुरूज बांधताना एक पाथरवट दगडाखाली चेंगरून मेला होता. त्याचं राहिलेलं काम त्याच्या पोरीने पुरं करावं असा धन्याचा हुकूम होता. हौसा तिचं नाव. अजून न्हाण आलेलं नव्हतं. ती पळाली, धरून आणली. पायात लोखंडाची कडी घातली, तर पाथरवटाचीच लेक ती, दगडावर घासघासून तिने कडी तोडली आणि पुन्हा पळाली. पुन्हा धरली. म्हणून आता पोलाद.

ठकू घरी आली आणि सुभानाला म्हणाली, ही बेडी आपण घडवायची नाही. सुभाना म्हणाला, मग माझे हात जातील. तेही खरंच होतं. सुभानाने दोन अर्ध्या कड्या घडवल्या, एका टोकाला बिजागरीसारख्या जोडल्या, दुसऱ्या टोकाला खिळ्यासाठी भोकं पाडली आणि तो जेवायला बसला. पाणी द्यायचं काम मागे ठकूकडे राहिलं.

पोलादाला पाणी देणं म्हणजे नुसतं बुडवणं नव्हे. लाल करून पाण्यात घातलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग त्याला मंद विस्तवावर धरून शेक द्यायचा, वर आधी गवती पिवळा आणि मग निळा रंग चढू द्यायचा. त्याने त्याचा ताठा उतरतो आणि ते टिकतं. हे लोहाराच्या कुठल्याही बाईला झोपेत विचारा. ठकूने बेडी लालभडक केली, गार पाण्यात दाबली आणि तशीच उचलून ठेवली. विस्तवावर परत धरलीच नाही.

धन्याची माणसं हौसाला घेऊन आली. मागून धनीही आला, आणि त्याच्यामागे बघायला अर्धी वाडी. सुभानाने बेडीवर कानस फिरवली. कानस सुळकन घसरली. असं लोखंड कसं झालं हे त्याला तिथेच उमगलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. धनी मात्र खूश. कानसही लागत नाही म्हणजे दगड काय लागणार.

पोरीचा पाय ऐरणीवर ठेवला. भोकातून मऊ लोखंडाचा खिळा घातला. आता तो घणाने चेपायचा. घण जोरात बसला तर बेडी तिथेच सगळ्यांसमोर फुटणार. हलका बसला तर धन्याला संशय येणार. तिने घण उंच उचलला आणि खाली येताना मनगटात धरून ठेवला. खिळा थोडा चेपला. पुन्हा घातला. अजून दोन-चार घाव लागलेच असते. पण सुभानाने हातोडी ऐरणीवर रिकामी वाजवली.

ठकूने घण खाली ठेवला. नवऱ्याला सगळं कळलं होतं, आणि तो तिच्या बाजूने उभा राहिला होता.

पोरीचा पाय उतरवताना ठकू वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "घासू नगं. आपट."

दुसऱ्या दिवशी गढीत ओरडा झाला. विहिरीच्या पायरीवर बेडीचे तुकडे पडले होते, फुटल्या बांगडीसारखे. पोर नव्हती. ती घाटाखाली उतरली म्हणतात, नदीने गेली असंही म्हणतात. धन्याला ती सापडली नाही, एवढं नक्की.

धन्याने तुकडे आणून ऐरणीवर टाकले. पुन्हा वाडी गोळा झाली. पाणी कुणी दिलं, त्याने विचारलं.

सुभाना म्हणाला, "म्या दिलं."

"खोटं बोलतोय," ठकू म्हणाली. "भाता माझा, पाणी माझं. त्यानं निस्ती सांडशी धरली."

धनी हसला म्हणे. त्याने सुभानाला सांगितलं, हिचा उजवा हात ऐरणीवर ठेव आणि तुझ्याच घणाने घाल.

सुभानाने हातोडी उचलली, ऐरणीवर एक रिकामा ठोका दिला आणि हातोडी जमिनीवर ठेवली. त्याला चौघांनी धरलं. घण धन्याच्या माणसाने उचलला. त्याला धड उचलताही येत नव्हता.

ठकू ओरडली नाही असं काही लोक सांगतात. खोटं आहे ते. ती अशी ओरडली की झाडावरची पाखरं उडाली. हाड मोडलं की माणूस ओरडतोच. देवी करून टाकली की आपल्याला बघवतं, म्हणून लोक तसं सांगतात. खरी लाज निराळीच आहे. एवढी वाडी उभी होती, आणि एकानेही नुसतं 'थांबा' म्हटलं नाही. बघत राहिले. घण वर गेला, खाली आला, आणि सगळे बघत राहिले. मग आपापल्या घरी जाऊन जेवले.

पुढे पेरणी जवळ आली. भट्टी थंड पडली होती. लोकांना फाळ लावून हवे होते. खाली मान घालून ते दारात येऊन उभे राहिले. ठकू उठली. तिच्या उजव्या हाताची बोटं जुळून एक झाली होती. तिने डाव्या हाताने घण उचलला. पहिला घाव चुकला, ऐरणीच्या काठावर बसला. दुसराही चुकला. सुभाना लोखंड पुन्हा तापवून पुन्हा धरत राहिला. जागा दाखवायची टिचकी तेवढी मारायचा. तिसऱ्या प्रहरी घाव जागेवर पडला.

तेव्हा दारातल्या एका म्हाताऱ्याला हुंदका आला. "ठके, लई सोसलंस गं बाई," तो म्हणाला.

ठकूने त्याच्याकडे पाहिलं. "आबा, तवाबी इथंच हुबा व्हतास. बघायला आला असशील तर घरी जा. फाळ पायजे असंल तर भाता वढ."

म्हातारा आत आला आणि भात्याची दोरी धरून बसला. त्याच्यामागे दुसरा आला. माणसाला बांधायचं लोखंड या वाडीत घडणार नाही, अशी आण त्याच दिवशी भट्टीवर हात धरून सगळ्यांनी घेतली.

गढीचे आता दगड उरलेत. ते आपलेच म्हणून पाथरवट येऊन घेऊन जातात, त्यांना कुणी अडवत नाही.

आजही ऐरणवाडीत घण डाव्या हाताने उठतो. काम संपलं की ऐरणीवर एक रिकामा ठोका पडतो. आणि आजही इथल्या भट्टीपुढे कुणाला नुसतं उभं राहू देत नाहीत. पाहुणा असो, साहेब असो, फोटो काढायला आलेली शहरातली पोरं असोत. बाई घण खाली टेकवते आणि भात्याकडे बोट करते. ज्याला दोरी धरायची नाही त्याने रस्त्याला लागावं.