आईच्या घरातला केर

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेतला विश्वंभर नावाचा शिष्य चार वर्षांनी आपल्या गावी गेला. घरी आई एकटीच होती. तो दोन दिवस राहिला, आईच्या हातचं पोटभर जेवला आणि तिसऱ्या दिवशी निघाला. आईने त्याच्या हातावर दही घातलं. तेवढ्यात जमिनीवर पडलेली शितं आणि सुपारीची खांडं त्याच्या नजरेस पडली. त्याने केरसुणी उचलली.

"राहू दे रे बाळा," आई म्हणाली. "माणूस गावाला निघाला की त्या दिवशी घरात केर काढत नाहीत."

"कोणत्या ग्रंथात लिहिलंय?"

"ग्रंथातलं मला काय कळतंय? पण आजचा दिवस राहू दे."

ऐकेल तर तो विद्वान कसला! भ्रम मुळापासून उपटायचा म्हणून त्याने सगळं घर स्वतः झाडलं, आपलं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकलं, केर उकिरड्यावर नेऊन ओतला आणि "येतो" म्हणून चालू लागला. आई दारात उभी होती.

पाठशाळेत परतल्यावर पठ्ठ्याने हा पराक्रम सर्वांना रंगवून सांगितला. शिष्य खो खो हसले. वृद्ध आचार्य मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे विश्वंभर स्नानाला नदीवर गेला, तसे आचार्य उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याची जागा झाडली, त्याचं आसन गुंडाळलं, पोथ्या माळ्यावर ठेवल्या आणि तिथे दुसऱ्या शिष्याला बसवलं. आचार्यांच्या हातात केरसुणी कुणी कधी पाहिली नव्हती. सगळे चकित झाले.

विश्वंभर ओल्या पंच्यानिशी दारातच थबकला. "आचार्य, हे काय? माझी जागा?"

"झाडून घेतली. गेलेल्या माणसाची जागा झाडू नये, असं कोणत्या ग्रंथात लिहिलंय?"

"अहो, पण मी काय कायमचा गेलो होतो? परत येणारच होतो ना!"

"हे आईला सांगून आला होतास?"

आचार्यांचा आवाज चढला. तीस वर्षांत तो कधी चढला नव्हता. "अरे, केर काढल्याने कुणाची वाट अडत नाही, हे त्या माउलीला कळत नसेल? चार वर्षं ती एकटीच ते घर झाडते आहे. तिच्याखेरीज तिथे सांडायलाही कुणी नाही! तू दोन दिवस पसारा केलास, तो तिला एक दिवस बघायचा होता. तिने तुला 'थांब' म्हटलं? 'मला सोबत ने' म्हटलं? एका दिवसाची धूळ मागितली, आणि तू तिला ग्रंथ विचारलास! वर इथे येऊन चारचौघांत फुशारकी मारलीस. धिक्कार असो या विद्येचा! आणि ती तुला मीच शिकवली, म्हणून थोडा माझाही."

काल हसलेल्यांच्या माना खाली गेल्या. विश्वंभरने आचार्यांना नमस्कार केला आणि कोरडं वस्त्र नेसून तो आल्या वाटेने निघाला.

तो पोहोचला तेव्हा ऊन कलत होतं. त्याला पाहून आई घाबरली. "काय रे? बरं आहे ना? काही राहिलं का इथे?"

"नाही. भूक लागलीय."

"मग हातपाय धू आधी." ती चुलीपाशी गेली. पाठमोरीच राहून तिने हळूच विचारलं, "उद्या कधी निघायचंय?"

"उद्या नाही. तू म्हणशील तेव्हा."

आईने मडक्यात हात घालून तांदळाची आणखी एक वाटी काढली.