पहिला खांदा कुणाचा?

भर बाजारात पालखीची दांडी मोडली आणि आमचे श्रीमंत हैबतराव महाराज केळ्यांच्या ढिगात बसले. मागच्या मेण्यात मी, त्यांचा कारभारी. धावत जाऊन त्यांना उठवायला हवं होतं, पण कारभाऱ्यानं धावायचं म्हणजे जरा कमीपणाच. शिवाय मला मेण्यातून बाहेर काढायलाच दोन माणसं लागत.

आमच्या संस्थानात माणूस जितका कमी हलेल तितका तो मोठा. घाम यायचा तो हमालाला. आम्हाला आलाच, तर पुसायला नोकर होता. माझं घर राजवाड्याच्या अगदी समोर, तरी मी मेण्यानं जाई, आणि वर त्याचा मला अभिमानही होता.

वैद्यबुवांनी महाराजांची नाडी पाहिली, मोडलेली दांडी पाहिली आणि सांगितलं, की रोज सकाळी जाखाईचा डोंगर चढा, घाम निघू द्या, नाहीतर काही खरं नाही. महाराज भडकले. राजा पायी चालताना दिसला तर लोक म्हणतील, राज्य बुडालं! त्यांनी भोयांचा नाईक येसू याला बोलावून हुकूम सोडला. दांडी तुमच्या खांद्यावर मोडली, तेव्हा दसऱ्यापर्यंत आम्हाला हलकं करायचं तेही तुम्हीच. आम्ही चालणार नाही, उपास करणार नाही. जमलं नाही तर भोयांची इनाम जमीन जप्त! हुकूम लिहिला मी, आणि अक्षर झकास आलं म्हणून खूश झालो.

येसू कपाळाला हात लावून बसला. त्या जमिनीवर सगळ्या भोईवाड्याचं पोट होतं. त्याची मुलगी गोजरा मात्र दुसऱ्याच दिवशी दरबारात हजर. बापावरचं संकट टळावं म्हणून ती नवस बोलली होती, की दसऱ्यापर्यंत जाखाईची पालखी रोज सकाळी डोंगरावर न्यायची. महाराजांची परवानगी तेवढी हवी होती. महाराजांनी ती दिली. देवीला नाही कोण म्हणणार?

"पण एक अडचण आहे, महाराज," गोजरा म्हणाली. "भोयांवर तर तुमचा राग. मग पहिला खांदा कुणाचा?"

झालं! याच एका प्रश्नावरून आमच्याकडे दर जत्रेला डोकी फुटत. देशमुख उठले, पाटील उठले. ज्यांना तक्क्यावरून उठायला आधार लागे, ते बाह्या सरसावून मान मागू लागले. मीही उठलो, म्हणजे दोघांनी मला उठवलं. तेवढ्यात महाराज गरजले, "आम्ही असताना पहिला खांदा दुसऱ्या कुणाचा?"

गोजरानं मुजरा केला आणि गेली.

आता देवीच्या पालखीच्या रिती अशा, की अनवाणी चालायचं, पालखी वाटेत टेकवायची नाही आणि तिच्यामागून कुणी वाहनात बसून यायचं नाही. ही शेवटची रीत मला डोंगराच्या पायथ्याशी आठवली, आणि माझा मेणा परत गेला. चवरी ढाळायचा मान माझा होता. पहिल्या दिवशी मी चवरी ढाळत होतो की तिच्या दांड्यावर टेकत चढत होतो, हे देवीलाच ठाऊक. राणीसाहेबांना तर खिडकीपलीकडे जायची चाल नव्हती. त्यांनी देवीच्या पाण्याच्या कळशीचा मान मागून घेतला आणि रोज आमच्या आधी वर पोचू लागल्या. हे मला अजून खुपतं.

दसऱ्याला महाराज नव्या पालखीत बसले. भोयांनी सवयीनं सगळा जोर लावला, तशी पालखी झपकन अशी वर गेली, की महाराजांची पगडी उडून खाली पडली. महाराजांनी पालखी टेकवायला लावली, उतरले, वाकले आणि पगडी स्वतः उचलली. सगळा दरबार थक्क झाला. मग आपण हलके कसे झालो ते त्यांचं त्यांनाच उमगलं आणि त्यांनी गोजराला पुढे बोलावलं.

"आम्ही चालणार नाही असं बजावलं होतं. तू आम्हाला चालवलंस. भोई केलंस आम्हाला!"

येसूनं हात जोडले. सगळी जमीन आता पोरीच्या एका उत्तरावर होती.

"नाही, महाराज. डोंगर चढली ती देवी, तुम्ही फक्त मान घेतलात. माझा बाप तुम्हाला उचलतो ती हमाली, तुम्ही देवीला उचललंत तो मान. खांदा तेवढा दोघांचाही सारखाच दुखतो."

महाराजांनी नकळत आपला खांदा चोळला आणि मग असे हसले, की डोळ्यांत पाणी आलं. हुकूम त्यांनी तिथंच फाडला, माझ्या अक्षरासकट. इनाम जमीन कायम झाली, शेजारचा मळाही भोयांना मिळाला. "आणि तुला आमच्या कारभारी पंतांचा मेणा," ते गोजराला म्हणाले. "नाहीतरी आता रिकामाच असतो. आज त्यातूनच घरी जा."

गोजरा ऐटीत मेण्यात बसली. मग पडदा सारून तिनं डोकं बाहेर काढलं.

"महाराज, पहिला खांदा कुणाचा?"

महाराज पुन्हा हसत सुटले आणि सगळा दरबार माझ्याकडे बघू लागला.

भोईवाडा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. पोरगी खरं बोलली होती. सारखाच दुखतो.