गुंज्याची शेंग आणि मोटारमावशीचे ब्रेक

त्या दिवशी धुकं पडलं होतं. दाट दाट धुकं. पांढरं पांढरं, दुधाच्या सायीसारखं. थंडी तर अशी, की दात वाजत होते. कट् कट् कट्!

घाटातल्या उतारावर उभी होती मोटारमावशी. जुनी जुनी, निळी निळी. मागच्या चाकाला मोठा दगड लावलेला.

तिथून चालला होता गुंज्या. गुंज्या कोण? एवढुसा उंदीर! तोंडात त्याच्या भुईमुगाची शेंग. त्याला आली शिंक. आक् छीं! शेंग सुटली. घरंगळ घरंगळ... गेली दगडाखाली!

गुंज्या म्हणाला, "मोटारमावशी, मोटारमावशी, दगड सोड ना!"

मोटारमावशी म्हणाली, "कसा सोडू, बाळा? माझे ब्रेक झिजले. पापडासारखे पातळ झाले. दगड सुटला, की मी निघाले उताराला. थांबणार कशी? थेट ओढ्यात, डुबुक! मिस्त्री नवे ब्रेक बसवेल, तर मी दगड सोडीन. नाहीतर नाही!"

तुरू तुरू, तुरू तुरू. गुंज्या गेला बाबलमिस्त्रीच्या गॅरेजात. मिस्त्रीनं घातली होती माकडटोपी. दिसत होतं नुसतं नाक.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, ब्रेक बसवा ना!
मोटार दगड सोडेना,
माझी शेंग मला मिळेना!"

मिस्त्री म्हणाला, "अरे, चाक उचलायला नको? मोटार काय डोक्यावर घेऊ? जॅक चाक उचलेल, तर मी ब्रेक बसवीन. नाहीतर नाही!"

तुरू तुरू, तुरू तुरू. गुंज्या गेला जॅककडे. जॅक बसला होता कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन.

"जॅकदादा, जॅकदादा, चाक उचल ना!
मिस्त्री ब्रेक बसवेना,
मोटार दगड सोडेना,
माझी शेंग मला मिळेना!"

जॅक म्हणाला, "करकर करकर! माझे सांधे आखडले रे. बाटली तेल देईल, तर मी चाक उचलीन. नाहीतर नाही!"

तुरू तुरू, तुरू तुरू. गुंज्या गेला तेलाच्या बाटलीकडे.

"बाटलीताई, बाटलीताई, तेल दे ना!
जॅक चाक उचलेना,
मिस्त्री ब्रेक बसवेना,
मोटार दगड सोडेना,
माझी शेंग मला मिळेना!"

बाटली म्हणाली, "थंडीनं तेल थिजलं. मला उलटं धरलंस तरी थेंब सांडणार नाही. सूर्य ऊन देईल, तर मी तेल देईन. नाहीतर नाही!"

तुरू तुरू, तुरू तुरू. गुंज्या चढला गॅरेजच्या पत्र्यावर. सूर्य लोळत होता धुक्याच्या गोधडीत.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन दे ना!
बाटली तेल देईना,
जॅक चाक उचलेना,
मिस्त्री ब्रेक बसवेना,
मोटार दगड सोडेना,
माझी शेंग मला मिळेना!"

सूर्य म्हणाला, "आं? सकाळ झाली? मला कुणी उठवलंच नाही! कोंबडा आरवेल, तर मी ऊन देईन. नाहीतर नाही!"

तुरू तुरू, तुरू तुरू. गुंज्या गेला कोंबड्याकडे. कोंबडा त्याचा शेजारीच.

"कोंबडेभाऊ, कोंबडेभाऊ, आरवा ना!
सूर्य ऊन देईना,
बाटली तेल देईना,
जॅक चाक उचलेना,
मिस्त्री ब्रेक बसवेना,
मोटार दगड सोडेना,
माझी शेंग मला मिळेना!"

कोंबडा म्हणाला, "पोट रिकामं, तर घसा बंद. एक शेंगदाणा देशील, तर मी आरवीन. नाहीतर नाही!"

अगं बाई! शेंगदाणा तर दगडाखाली! गुंज्या मटकन खाली बसला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग त्यानं डोकं खाजवलं. खर खर खर.

"अहो कोंबडेभाऊ, माझ्या शेंगेत दाणे दोन! एक माझा, एक तुमचा. पण आधी आरवा, मग खा!"

कोंबड्यानं मान वाकडी केली. "उधारी? बरं बाबा, शेजारी आहेस म्हणून हं!"

कुकूच कूऽऽ!

कोंबडा आरवला, सूर्य उठला. ऊन पडलं, धुकं पळालं. तेल सुटलं, टप टप टप. जॅक उठला, कुईं कुईं कुईं. मोटारीची पुढची चाकं वर वर वर! मागचा दगड मात्र जागच्या जागी.

मिस्त्रीनं टोपी काढली, चाकं काढली, जुने ब्रेक काढले. "हे बघा पापड!" नवे ब्रेक बसवले. खट् खट् खट्, फिट्ट! चाकं पुन्हा चढली. मोटार खाली आली.

मग मिस्त्रीनं बाजूला उभं राहून दगड ओढला. खर्रर्र!

गुंज्या धावला. शेंग धरली. वर बघतो तर काय, चाक! मोठ्ठं, गोल गोल चाक. आलं... आलं... आलं...

"मावशे, ब्रेक!" मिस्त्री ओरडला.

खच्च!

चाक थांबलं. गुंज्याच्या मिशीला नुसती गुदगुली झाली.

"पीं पीं पीं!" मोटारमावशी हसली. "थांबले की गं बाई मी!"

गुंज्यानं शेंग फोडली. कट्! एक दाणा त्याचा, एक दाणा कोंबड्याचा. दोघं उन्हात बसून खाऊ लागले. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम.

कोंबड्यानं चोच पुसली आणि म्हणाला, "काय रे शेजाऱ्या, उद्या पण शेंग हरव हं!"